भाडे नको, कुत्रे आवर!

‘भीक नको, पण कुत्रे आवर’ ही म्हण आपल्याकडे दारात आलेल्या याचकाच्या तोंडी घातलेली आहे. अलीकडे पुण्यात, ठाण्यात, नाशकात ती घराच्या धन्याच्या तोंडी ऐकू येऊ लागली आहे. घर आपले, ते भाड्याने दिले आपणच, आणि त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून ‘आधी ते कुत्रे बांधा’ अशी विनवणी करण्याची पाळी मालकावर यावी, यात विनोद आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्यावर ती पाळी येते त्याला हसू येत नाही. ‘यापुढे घर कुलूप लावून ठेवीन, पण भाड्याने देणार नाही’ असा निश्चय तो मनाशी करतो, आणि त्या निश्चयाचा परिणाम त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

घरमालक म्हटले की पहिल्या तारखेला दारात येऊन ठाकणारा, नाटक-चित्रपटांनी रंगवलेला खाष्ट इसम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तसे मालक होते आणि आहेतही. येथे ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे तो वर्ग निराळा आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून दोन खोल्यांची सदनिका घेतलेली शिक्षिका, मुले परदेशी गेल्यामुळे बंगलीचा वरचा मजला रिकामा झालेले वृद्ध दांपत्य, कर्जाचा हप्ता भाड्यातून भागवणारा बँकेतील नोकरदार, अशी ही मंडळी. यांच्यापाशी एकच घर भाड्याने देण्यासारखे असते. त्याचे भाडे म्हणजे कोणाची औषधे, कोणाच्या नातवाची फी. मोठ्या मालकाच्या शंभर घरांपैकी एक बिघडले तर त्याच्या हिशेबवहीत एक ओळ तांबडी होते; या मंडळींचे एक घर बिघडले म्हणजे सारी वहीच तांबडी.

भाडेकरूकडून होणाऱ्या उपद्रवांत पाळीव प्राण्यांचा उपद्रव वेगळ्या जातीचा आहे. भाडे थकले तर ते आकड्यात सांगता येते. भिंतीला खिळे ठोकले तर ते दिसतात. कुत्र्या-मांजरांनी केलेली हानी मात्र बराच काळ दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा ती पुष्कळ पुढे गेलेली असते. दाराच्या खालच्या कडेवरचे ओरखडे हा त्यातला किरकोळ भाग. मांजराचे मूत्र प्लायवूडच्या कपाटाच्या पायथ्यात आणि भिंतीच्या गिलाव्यात एकदा मुरले की वरून रंगाचे दोन हात दिल्याने ते जात नाही. उन्हाळ्यात घर निर्मळ वाटते आणि पहिल्या पावसाची ओल हवेत आली की वास पुन्हा उठतो. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी भिंतीच्या भेगांत आणि दाराच्या चौकटीमागे अंडी घालतात. कुत्रे घर सोडून गेले तरी त्या राहतात आणि पुढच्या भाडेकरूच्या अंथरुणात सापडतात. शिवाय दिवसभर माणसे कामावर गेल्यावर कोंडलेले जनावर ओरडत राहते. ते ऐकतो शेजारी, आणि दूरध्वनी करतो मालकाला.

यात जनावराचा अपराध कोणता, असे विचाराल तर काहीच नाही. पाचशे चौरस फुटांत दहा तास एकटे कोंडलेले कुत्रे दार खरवडणार नाही तर काय करील? अपराध असतो तो पाळणाऱ्याच्या हयगयीचा, आणि पुष्कळदा करार करताना या विषयावर दोन्ही बाजूंनी धरलेल्या मौनाचा. भाडेकरू बोलत नाही, कारण बोलला तर घर मिळणार नाही हे तो जाणून असतो. मालक विचारत नाही, कारण भाडे बरे मिळते आहे आणि माणूस सभ्य दिसतो आहे. दोन महिन्यांनी पिंजऱ्यातून एक मांजर येते. ‘पावसात सापडले, चार दिवस ठेवतो’ असे सांगितले जाते. वर्ष उलटते तेव्हा चार मांजरे आणि एक कुत्रे असते. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते, दत्ताच्या तसबिरीतल्या चार श्वानांना आपण हात जोडतो. तेव्हा प्राण्यांवर माया करणे परके आहे असे कोणी म्हणू नये. नामदेवांचे घर लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेले नव्हते, एवढाच काय तो फरक.

असा प्रसंग ओढवला की छोटा मालक दोनपैकी एक टोक गाठतो. एक तर तो गप्प बसतो, नाही तर एके दिवशी भडका उडून भलतेच काही करून बसतो. या दोन्हींच्या मुळाशी भीती आहे, आणि त्या भीतीला महाराष्ट्रात इतिहास आहे.

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले आणि तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी ‘भाडेकरू नव्हे, परवानाधारक’ अशी पळवाट काढली. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला अशा परवान्यावर जागेत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून घर दिले होते त्यांचे घर त्या दिवशी व्यवहारतः गेले. त्या दुरुस्तीने हजारो कुटुंबे रस्त्यावर येण्यापासून वाचली असतील, हेही खरे. परंतु ‘एकदा आत आलेला माणूस बाहेर जात नाही’ ही समजूत मालकांच्या दोन पिढ्यांच्या हाडीमांसी खिळली ती तेव्हापासून. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात प्रमाणभूत भाड्याच्या त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या असल्याचा निर्वाळा दिला. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला. कायदा बदलला, भीती मात्र जुनीच राहिली.

वस्तुतः नव्या कायद्याने छोट्या मालकाला बरेच काही दिले आहे. त्याचा उपयोग करणारे थोडे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही परवानाधारक जागा सोडत नसेल तर कलम २४ अन्वये दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांच्या आत परवानाधारकाने बचाव करण्याची परवानगी मागावी लागते; मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते; आणि लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. अर्थात प्राधिकाऱ्याच्या कचेरीतही तारखा पडतात. तरीही वडिलांनी लावलेला दावा मुलाने चालवावा, त्या जुन्या न्यायालयीन यात्रेच्या मानाने हा मार्ग पुष्कळ जवळचा आहे.

याच कायद्याचे कलम ५५ मात्र अनेकांच्या गावी नसते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदणीची सक्ती नाही, त्यातून अकरा महिन्यांचा हा आकडा जन्मला. महाराष्ट्रात २००० सालापासून भाड्याचा वा लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसे न केल्यास शिक्षा आहेच. त्याहून जाचक गोष्ट अशी की, अटींविषयी वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू जे सांगेल ते खरे मानले जाते. शे-पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दोन सह्या घेऊन निश्चिंत झालेला मालक जेव्हा म्हणतो की, ‘जनावर पाळायचे नाही असे ठरले होते’, आणि भाडेकरू म्हणतो, ‘असे काहीच ठरले नव्हते’, तेव्हा कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो हे निराळे सांगावयास नको.

जुन्या वाड्यांतील आणि पागडीच्या घरांतील मालकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा भाडेकरू मुदतीने बांधलेला नाही. त्यांना कलम १६ मधील कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. त्यात लगतच्या वा शेजारच्या रहिवाशांना उपद्रव होणे हे एक कारण आहे. शब्द नीट वाचण्याजोगे आहेत. उपद्रव शेजाऱ्याला झाला पाहिजे. चार मैलांवर राहणाऱ्या मालकाचा जीव जळतो, हे कारण तेथे चालत नाही. म्हणजे साक्षीला शेजारी हवा. आणि जो शेजारी रात्री अकरा वाजता दूरध्वनी करून ‘तुमच्या भाडेकरूचे कुत्रे आवरा’ म्हणतो, तोच लघुवाद न्यायालयात साक्षीला या म्हटले की ‘आम्हाला कशाला वैर’ म्हणून अंग काढून घेतो. दुसरा आधार मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःची वस्तू जशी वापरील तशी भाड्याची वस्तू वापरावी आणि तिची कायमची हानी करू नये, असे १८८२ चा तो कायदा सांगतो. त्याचा भंग झाल्यासही जागेचा ताबा मागता येतो. पण ओरखडे आणि वास म्हणजे ‘कायमची हानी’ हे पटवणे सोपे नाही. घराच्या मानाने क्षुल्लक अशा कारणावर न्यायालयाने एखाद्या कुटुंबाला बेघर करू नये, हे आम्हाला तरी योग्यच वाटते. येथे दाव्यापेक्षा बोलण्याने आणि शेजाऱ्यांच्या मध्यस्थीने अधिक साधते.

सदनिकेच्या मालकाच्या मागे आणखी एक तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे सोसायटी. उद्वाहकात घाण झाली, जिन्यात केस पडले, की पत्र येते ते सभासदाच्या, म्हणजे मालकाच्या नावे. ‘आमच्या इमारतीत प्राण्यांना बंदी आहे, आठ दिवसांत भाडेकरू काढा’ असा त्या पत्राचा सूर असतो. हे पत्र घेऊन मालकाने भाडेकरूवर धावून जाण्याआधी थोडे थांबावे. पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीला वा रहिवासी संघाला सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेचे बहुमत असले तरीही नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांत म्हटले आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये रहिवासी संघांचे असे बंदीचे नियम अवैध ठरवले. स्वच्छता, साखळी, लसीकरण, महापालिकेचा परवाना यांचा आग्रह सोसायटीने धरावा. तो रास्तच आहे. मात्र या सूचना रहिवासी संघांना उद्देशून आहेत. आपले घर कोणत्या अटींवर द्यावयाचे हा मालक आणि भाडेकरू यांच्यातील कराराचा विषय आहे. सोसायटीच्या नियमावलीच्या आड लपण्यापेक्षा मालकाने आपली अट आपल्या करारात आपल्या शब्दांत लिहावी, हे उत्तम.

येथे एक गोष्ट मालकांना रुचणार नाही, तरी सांगितली पाहिजे. पाणी तोडणे, वीज बंद करणे, भाडेकरू कामावर गेला असता कुलूप बदलणे, हे उपाय आजही काही ठिकाणी शहाणपणाचे मानले जातात. अत्यावश्यक सोयी तोडण्यास कलम २९ ची स्पष्ट मनाई आहे, आणि त्या पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तोवर ज्या मालकाची बाजू खरी होती त्याची ती खोटी होऊन बसते. भाडेकरूच्या हयगयीचा विषय मागे पडतो आणि मालकाच्या दांडगाईचा पुढे येतो. जनावराला विषारी तुकडा टाकणे हे तर सरळ क्रौर्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्राण्याला मारण्याच्या वा जायबंदी करण्याच्या अशा कृत्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्यात शिक्षा आहे म्हणूनच तसे करू नये, असे मात्र नव्हे.

मग करावे काय? आमच्या मते मालकाने आपले भांडण जनावराशी नाही, हे प्रथम ओळखावे. त्याला हवे आहे ते सुस्थितीतले घर आणि शांत शेजार. करारही त्याच भाषेत असावा. ‘प्राणी पाळण्यास मनाई’ हे तीन शब्द लिहून काम भागत नाही. ते मोडले जातात आणि मोडल्यावर पुढे काय, हे त्यांत नसते. त्यापेक्षा प्राणी किती, कोणता, त्याचे लसीकरण आणि परवाना आहे काय, नवा प्राणी आणण्यापूर्वी लेखी संमती घ्यावयाची की नाही, घर सोडताना कीटकनाशकाची फवारणी आणि दारांची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, कोणती गोष्ट घडल्यास किती दिवसांच्या सूचनेने करार संपुष्टात येईल, हे सारे नोंदलेल्या करारात यावे. किल्ली देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची, प्रत्येक दाराच्या खालच्या कडेची छायाचित्रे काढून दोघांनी त्यांवर सही करावी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पूर्वीच्या मालकाला ही सोय नव्हती.

त्यानंतर घराकडे पाठ फिरवू नये. पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा अधिकार कलम २८ ने मालकाला दिला आहे. भाडे बँकेत जमा होते आहे म्हणून वर्षभर घराचे तोंड न पाहणारा मालक अकराव्या महिन्यात आत पाऊल टाकतो आणि हबकतो. तीन-चार महिन्यांनी एकदा, आठवडाभर आधी कळवून, चहाच्या निमित्ताने गेले तरी पुरे. काही आढळले तर त्याच दिवशी लेखी कळवावे. भाषा सभ्य असावी, आणि मागणी नेमकी असावी. ‘तुमचे कुत्रे घाणेरडे आहे’ हे पत्र भांडणाचे असते. ‘न्हाणीघराच्या दाराची खालची पट्टी कुजली आहे, ती महिनाअखेर बदलून द्यावी’ हे पत्र कामाचे. दुपारी कुत्रे ओरडत असेल तर त्याला फिरवण्यासाठी गडी ठेवा, निदान कोणाकडे सोडून जा, हे सुचवण्यात कमीपणा नाही. अनेक भाडेकरूंना आपल्या मागे घरात काय चालते याची कल्पनाच नसते. इतके करूनही सुधारणा झाली नाही तर करार पुढे चालू न ठेवणे, हाच छोट्या मालकाचा खरा उपाय. अकरा महिने ही फार मोठी मुदत नव्हे. शेवटच्या दोन महिन्यांत दावे-प्रतिदावे करण्यापेक्षा मुदतीच्या पुष्कळ आधी ‘करार वाढवणार नाही’ असे लेखी कळवून वाट पाहणे अधिक स्वस्त पडते.

भाडेकरूचीही बाजू आहे, आणि ती लहान नाही. आपल्या शहरांत घर शोधणाऱ्याला आडनाव विचारले जाते, धर्म विचारला जातो, मांसाहार करता काय, लग्न झाले आहे काय, हे विचारले जाते. या लाजिरवाण्या यादीत ‘कुत्रे आहे काय’ हा प्रश्न सरसकट नकार म्हणून जोडला गेला तर लोक खोटे बोलणार, आणि खोटेपणाने सुरू झालेला भाडेव्यवहार वाकड्या वळणाने जाणार. शिवाय अनामतीचा गैरवापर होतो. जुन्या इमारतीचा निघालेला रंग, पावसाने फुगलेले दार, मुळातच गळणारा नळ, हे सारे ‘तुमच्या मांजरामुळे’ म्हणून दाखवून अनामत गिळणारे मालक आहेत. सामान्य वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे कायद्याला मान्य आहे; मालकांना ते नेहमीच मान्य असते असे नाही.

आणि येथेच राज्यसंस्थेचे काम सुरू होते. दाराची पट्टी, फवारणीचा खर्च, तीस-चाळीस हजारांची अनामत, हा वाद इतका लहान असतो की त्यासाठी वकील करणे परवडत नाही, आणि ज्याचा वाद आहे त्याच्या दृष्टीने तो इतका मोठा असतो की सोडून देणेही परवडत नाही. मध्ये बसून आठ-पंधरा दिवसांत निकाल देणारा कोणी नाही. त्यामुळे पैसे ज्याच्या हातात, त्याचा निकाल. केंद्र सरकारने २०२१ च्या जूनमध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय, मालकाने आत येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना, निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत अशा तरतुदी आहेत. भाड्याच्या घरांचा विषय राज्यांचा असल्यामुळे तो आपोआप कोठेच लागू होत नाही. राज्याने तो स्वीकारावा लागतो. तो जशाच्या तसा घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. दोन महिन्यांच्या अनामतीत गोचिडींची फवारणी, दारे आणि गिलावा हे सारे भागेलच असे नाही, आणि मग छोटा मालक प्राणी पाळणाऱ्याला दारातूनच परत लावील. परंतु अनामतीचा वाद ऐकण्यासाठी प्रभागागणिक एखादा अधिकारी, जागा पाहून पंचनामा करणारा एक अभियंता, आणि वकिलावाचून मांडता येणारी कैफियत, एवढे तरी मुंबई-पुण्यापासून सुरू करण्यास कोणता अडसर आहे?

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली. सर्वच घरे भीतीपोटी बंद नव्हती. काही गुंतवणुकीची, काही वादातली असतील. तथापि २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेही रिकाम्या घरांच्या कारणांत करार अमलात आणण्याच्या दुबळ्या व्यवस्थेचा उल्लेख केला होता.

या साऱ्या भांडणात ज्याला बाजू मांडता येत नाही त्याचा अखेरचा उल्लेख. मुदत संपते, भाडेकरूला नव्या ठिकाणी प्राणी चालत नाही, आणि टेंपोत सामान चढते तेव्हा मांजर तेवढे मागे राहते. कधी गॅलरीत, कधी जिन्याखाली. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून जाणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत आहे. करारात जेथे फवारणीच्या खर्चाचे कलम घालावयाचे, तेथेच घर सोडताना प्राणी बरोबर नेण्याचे किंवा त्याची सोय लावून तसे लेखी कळवण्याचे कलम घालावे, आणि ते पुरे होईपर्यंत अनामतीचा काही भाग राखून ठेवण्याची मुभा दोघांनी सहीनिशी मान्य करावी.